चौदा आण्यांची गल्ली

भाऊसाहेबांनी माझी आणेवारी किती लावली होती, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. लावली होती हे नक्की. ते ज्याच्याकडे दोन मिनिटांपेक्षा जास्त बघत, त्याची आणेवारी मनातल्या मनात होऊन जात असे. मग तो माणूस असो, घर असो नाहीतर शाळेचा फळा. एकदा देवळात पुजाऱ्याकडे बराच वेळ बघून ते म्हणाले, "पाच. पण पुढच्या साली सुधारेल." पुजारी बिचारा प्रसादाचं ताट धरून उभा होता. पाच पेढे मागताहेत असं समजून त्यानं मोजून पाच पेढे हातावर ठेवले.

ज्यांना आणेवारी माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. पीक किती आलं ते रुपयाच्या हिशेबात सांगायची आपल्याकडे जुनी रीत. सोळा आणे पीक म्हणजे भरघोस, आठ आणे म्हणजे निम्मं, आणि सहाच्या खाली गेलं की दुष्काळ. मग शेतसाऱ्यात सूट मिळते, दुष्काळी कामं निघतात. पुढे आणे बंद झाले आणि कागदावर पैसेवारी आली, तरी लोकांच्या तोंडी आणेवारीच राहिली. भाऊसाहेब महसूल खात्यात सर्कल इन्स्पेक्टर होते. पारनेरच्या कोरडवाहू गावांतून त्यांनी उभी हयात आणेवाऱ्या केल्या. निवृत्त झाल्यावर पिकं संपली, पण आणेवारीची खोड काही गेली नाही.

मी तेव्हा नगरला प्राथमिक शाळेत शिकवत होते. प्राथमिक शिक्षकाला शिकवणं सोडून सगळी कामं असतात. जनगणना करा, मतदारयाद्या करा, गुरं मोजा. बहात्तरच्या दुष्काळात त्यात आणखी एकाची भर पडली. घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं. बाहेरगावच्या कुठल्याशा संस्थेनं नगरच्या जुन्या पेठांमधल्या राहणीमानाची पाहणी काढली होती. प्रत्येक गल्लीला एक गणक आणि त्याच्यावर एक पर्यवेक्षक. मी गणक, भाऊसाहेब पर्यवेक्षक, आणि आमच्या वाट्याला आली हौदाची गल्ली.

गल्लीत निजामशाहीच्या वेळचा एक हौद होता. त्यात खापराच्या नळांनी डोंगरातलं पाणी यायचं म्हणे. आमच्या वेळी त्यात शेळ्या बांधलेल्या असत. घरं एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून उभी. छापील फॉर्ममध्ये प्रश्न होता, बांधकाम पक्के की कच्चे? आता जोतं बादशाही काळ्या दगडाचं, भिंती पांढऱ्या मातीच्या आणि वर गंजका पत्रा, तर काय लिहायचं? मी भाऊसाहेबांना विचारलं. ते म्हणाले, "खाली पक्कं, वर कच्चं, आत राहणारे मधले. पुढचा प्रश्न घ्या."

फॉर्म चार पानी होता. खिडक्या किती, मोरी आहे का, पाणी कुठून आणता, असं सगळं मी भरायचं. शेवटच्या पानावर एक चौकट होती, 'एकूण राहणीमान'. गल्ली पुरी झाल्यावर पर्यवेक्षकानं साऱ्या गल्लीचा मिळून एक आकडा तिथं लिहायचा. या एका आकड्यावर तिथल्या बिऱ्हाडांचं राहतं ठिकाण टिकणार की जाणार हे ठरायचं होतं. ते आम्हा दोघांनाही कुणी सांगितलं नव्हतं. मला वाटलं, असेल काहीतरी कागदाचं कौतुक.

पहिल्याच घरात भाऊसाहेबांनी कोटाच्या खिशातून खडू काढला, उंबऱ्याच्या आत सारवलेल्या जमिनीवर दोन हात लांब, दोन हात रुंद चौकोन आखला आणि शेजारी पाट मागून बसले. घरच्या बाईला वाटलं, काही पूजाबिजा आहे. तिनं हळदकुंकू आणलं.

"भाऊसाहेब, हे काय?" मी हळूच विचारलं.

"आणेवारी करताना सगळं शेत कोण कापतं बाई? एक चौकोन आखायचा. तेवढाच कापायचा, मळायचा, तोलायचा. उभं पीक खोटं बोलतं. मळल्यावर कळतं."

"पण इथं मळणार काय?"

"बसून बघू," ते म्हणाले, आणि खरोखरच तासभर बसले.

त्या तासात मी फॉर्म भरला आणि ते एका जुन्या वहीत रेघा ओढत राहिले. मी डोकावून पाहिलं. 'न विचारता आत आलेले: पाच. कोंबडी: एक. पिठाची वाटी, गेली. हसणे: दोनदा, एकदा खोटे.' खोटं हसणं मोजून त्यातून आणे कसे काढतात, मला विचारू नका. मी विचारलं होतं. "ते डोळ्याला दिसतं," असं उत्तर मिळालं.

चहा मात्र कुणाकडे घ्यायचे नाहीत. "चहा घेतला की एक आणा वाढतो," असं त्यांचं ठरलेलं वाक्य होतं. खिशात फुटाणे असत, भूक लागली की हौदाच्या काठावर बसून खात. एका घरची बाई चिडून म्हणाली, "आमच्या घरचं इटाळतंय व्हय तुमाला?" भाऊसाहेबांनी टोपी काढून तिला हात जोडले आणि म्हणाले, "तुमचा चहा चांगला असतो हे वासावरनं कळलं ताई. म्हणूनच नको." ती आणखीच गोंधळली. मीही गोंधळले होते, पण मला निदान त्याचा भत्ता मिळत होता.

गल्लीच्या मधोमध दोन तांबट भाऊ राहात. भांडून वेगळे झालेले, मधे एक कुडाची भिंत. फॉर्मचा नियम असा की एक चूल म्हणजे एक कुटुंब. दोन चुली, म्हणून मी दोन फॉर्म काढले. मग त्यांची आई पुढे आली. तिला कुणात लिहायचं?

"मी सकाळी थोरल्याकडं जेवते, सांजच्याला धाकल्याकडं," म्हातारी म्हणाली.

मी म्हटलं, "मग अर्धी इकडे, अर्धी तिकडे लिहू का?"

"आन मदली दुपार? दुपारी मी कुनाचीच न्हाई. दुपारी मी माजी."

भाऊसाहेबांनी वहीतून डोकं वर काढलं. "बाई, आजींचा वेगळा फॉर्म करा. माणूस अर्धा लिहायचा नसतो."

"चूल नाही, खोली नाही, तर कुटुंब कसलं लिहू?"

"दुपारचं."

मी वेगळा फॉर्म केला. चुलीच्या रकान्यात शून्य आणि सदस्य एक. जाता जाता मी त्यांना विचारलं, आजींची आणेवारी किती. "बारा," ते म्हणाले. "दोन घरचं जेवण आणि एक दुपार स्वतःची. कलेक्टरला तरी आहे का?" माझ्या आईला दुपार होती का, मला आहे का, असा विचार मी घरी जाईपर्यंत करत होते. आणेवारीचा आजार साथीचा असतो.

आता गल्लीचं काय झालं ते सांगते. त्यात माझाही हात आहे.

दुष्काळाचं साल, त्यामुळे गल्लीतल्या बहुतेक घरांत खेड्यांवरचे सोयरे येऊन राहिले होते. कुणी पारनेरकडचे, कुणी आणखी कुठले. त्यांनी चौकोन बघितला, आणे ऐकले आणि गल्लीला शहाणपण शिकवलं. आणेवारी करायला साहेब आला की काय करायचं हे खेड्यातल्या माणसाला सांगावं लागत नाही. कणगी झाकायची, बैल दुसऱ्याच्या गोठ्यात बांधायचा, चेहरा पाडायचा. सहाच्या आत आकडा आला की सूट. दुसऱ्या दिवसापासून गल्ली एकाएकी गरीब झाली. घरोघरची तांब्यापितळेची भांडी दिसेनाशी झाली. एक रेडिओ होता तो गोधडीखाली गेला, आणि बातम्यांच्या वेळी गोधडीच बोलू लागली.

शांताक्का विड्या वळायची. पद्मशाली घरातली, नवऱ्याचा हातमाग, पण घर चालायचं ते विड्यांवर. गल्लीच्या तोंडाशीच विड्यांचा कारखाना होता. सकाळी पानं आणायची, संध्याकाळी विड्या मोजून द्यायच्या. मी तिच्याकडे गेले तेव्हा तिनं मलाच विचारलं.

"बाई, कमी सांगितल्यालं बरं का जास्त?"

मला खरंच काही माहीत नव्हतं. पण गल्लीत नळ नव्हता. बायका पार पलीकडच्या रस्त्यावर घागरी घेऊन रांगा लावत. मला वाटलं, हाल कळले तर नळ येईल. मी म्हटलं, "कमीच सांगा अक्का. नळ मिळेल."

"मंग लिवा. खायला न्हाई, ल्यायला न्हाई, रात सारी डास. दोन वक्ताचं बी धड हुत न्हाई." हे सगळं ती हसत हसत सांगत होती आणि विडी वळायचं थांबत नव्हती. नणंदेची तीन मुलं चौकोनावरून उड्या मारत होती. भाऊसाहेब रेघा ओढत होते. मी सगळं लिहून घेतलं. माझं अक्षर चांगलं आहे.

पाहणी संपली, भाऊसाहेबांनी चौकट भरून कागद कचेरीत दिले. आठवड्यानं मी भत्त्याच्या कागदावर सही करायला गेले. तिथल्या तरुण साहेबांनी सहज सांगितलं की ज्या गल्ल्यांचं राहणीमान फार खाली येईल त्या मोकळ्या करायच्या आहेत. घरं पाडायची, माणसांना केडगावच्या बाजूला नव्या खोल्या द्यायच्या. "चांगलं आहे ना? उजेड, हवा," ते म्हणाले. माणूस वाईट नव्हता. त्याला खरंच उजेडाची आवड होती.

मी गल्लीत जाऊन सांगितलं. शांताक्काचा हात पहिल्यांदा थांबला.

"केडगाव म्हंजी तीन मैल. पानं आनायची कवा, वळायची कवा, द्यायची कवा? दुसऱ्याच दिशी कारखान्याचा कारकून माझं कामाचं कारड फाडंल. बाई, तुमीच म्हनला हुता कमी सांगा."

मी म्हटलं होतं.

त्या दिवसापासून गल्ली पुन्हा श्रीमंत झाली. भांडी चिंचेनं घासून दारात मांडली. रेडिओ तर एकाच सकाळी मला सात घरांत दिसला, त्याच तडकलेल्या काचेसकट. सगळ्यांचं एकच म्हणणं, भाऊसाहेबांना पुन्हा बोलवा, चौकोन पुन्हा आखा. शेवटी मीच त्यांच्या घरी गेले.

ते नव्या वसाहतीत राहात. बंगला छोटा पण नीटस, मोझेकच्या फरशा, स्वयंपाकघरात नळ, चारी बाजूंनी उजेड. पत्नी वारलेली, मुलगा परगावी. दार उघडंच होतं. दिवाणखान्यात फरशीवर खडूचा चौकोन होता आणि भाऊसाहेब शेजारी पाटावर बसले होते. मांडीवर वही.

"सकाळपासून बसलोय," ते म्हणाले. "पोस्टमन आला होता. फाटकातूनच टाकून गेला."

"किती झाले?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"फॉर्मप्रमाणे सोळा. नळ आहे, मोरी आहे, चार खिडक्या." वही त्यांनी मिटली.

मी त्यांना सगळं सांगितलं. आकडा वाढवून द्या, असं मी म्हणाले. ते विषय सोडून भलतंच बोलू लागले, असं मला वाटलं.

"पारनेरकडं एक गाव होतं. मी आणेवारी केली, सात आली. गावातले म्हातारे म्हणाले, भाऊसाहेब, पाच लिहा, मरतो आम्ही. मी तीन चौकोन पुन्हा कापले. सातच आली. मग सातच लिहिली. त्यांना सूट मिळाली नाही. पुढच्या खेपेला गेलो तर निम्म्या घरांना कुलपं होती. माझं माप बरोबर होतं, बाई. अजूनही बरोबरच आहे."

म्हणजे वाढवणार की नाही?

"तुमच्या गल्लीला मी चौदा लिहिलेत," ते म्हणाले. "पाहणी संपली त्याच दिवशी."

"पण त्यांनी तर सगळं लपवलं होतं."

"भांडी लपवली. माणसं कुठं लपवतील? त्या विडीवाल्या बाईंच्या चौकोनात एका तासात पिठाची वाटी तीनदा बाहेर गेली. एवढ्या दुष्काळात. मी उभी हयात खोटं बोलणारी गावं मोजली बाई, मला काय भांडी बघायची होती?"

मी जवळजवळ पळतच गल्लीत आले. सोळापैकी चौदा म्हटल्यावर कुणाला समजवावं लागलं नाही. शांताक्कानं गुळाचा खडा माझ्या तोंडात कोंबला.

पंधरा दिवसांनी यादी लागली. मोकळ्या करायच्या गल्ल्यांत पहिलं नाव हौदाच्या गल्लीचं.

तरुण साहेबांनी मला तक्ता दाखवला. "बघा ना. बाकीच्या गल्ल्या चाळीस, पंचावन्न. तुमची चौदा. शंभरात चौदा. मला तर वाचूनच वाईट वाटलं."

मी भाऊसाहेबांना घेऊन पुन्हा कचेरीचा जिना चढले. साहेबांनी त्यांना खुर्ची दिली, चूक त्यांच्या लगेच लक्षात आली आणि ते हसले. "काका, आणे आता कुठं चालतात? शंभराच्या हिशेबात लिहून द्या, मी आत्ता दुरुस्ती करतो."

एवढंच काम होतं. पण भाऊसाहेबांनी पेन उचललं नाही. "आण्यात माणूस दिसतो," ते म्हणाले. "चार आणे म्हणजे पाव पोट, आठ आणे म्हणजे अर्धं. अडाण्यालाही कळतं. सत्तेचाळीस पैसे म्हणजे किती पोट, सांगा मला."

साहेबांनी तक्ता पुढे सरकवला. मला भाऊसाहेबांचा भयंकर राग आला. तिकडे शांताक्काची रोजी बुडते आहे आणि हे गृहस्थ पोटाचे भाग करत बसले आहेत. मी म्हटलं, "भाऊसाहेब, पुन्हा कुलपं लागतील."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी असं बोलायला नको होतं, हे मला तेव्हाच कळलं. मग त्यांनी पेन घेतलं, मनाशी हिशेब केला आणि लिहिलं, साडेसत्त्याऐंशी.

"पूर्ण आकडा हवा," साहेब म्हणाले. "अर्धा चालत नाही."

भाऊसाहेबांनी ते खोडून अठ्ठ्याऐंशी केलं आणि सही केली. जिन्यावरून खाली उतरताना मधेच थांबून म्हणाले, "अर्ध्या पैशाचं खोटं लिहिलं, बाई." मी हसले. ते हसले नाहीत.

गल्ली यादीतून निघाली. घरं राहिली, शांताक्काचं कार्ड राहिलं. भाऊसाहेबांना गल्लीत बोलावून नारळ दिला, आणि त्या दिवशी त्यांनी अर्धा कप चहा घेतला. कुणाकडचा, यावरून नंतर दोन घरांत अबोला झाला.

पुढे त्याच पाहणीवरून पेठांत नळ टाकायचं ठरलं. खालच्या आकड्यांच्या गल्ल्या आधी. शेजारच्या गल्लीत नळ आला, त्याच्या पलीकडे आला. हौदाच्या गल्लीचा अर्ज घेऊन मी दोनदा गेले. दोन्ही वेळा तोच शेरा: राहणीमान अठ्ठ्याऐंशी, तूर्त आवश्यकता नाही. भाऊसाहेब भेटले की विचारायचे, गल्ली कशी आहे? मी म्हणायची, छान आहे. नळाचं मी त्यांना कधी सांगितलं नाही. सांगायला हवं होतं का, हे मी अजून ठरवू शकलेले नाही.

काही वर्षांनी ते गेले. मला शाळेत निरोप आला, तेव्हा सकाळची वेळ होती. जाता जाता मी पलीकडच्या रस्त्याच्या नळावर थांबले. शांताक्का रांगेत होती.

"भाऊसाहेब गेले अक्का."

तिनं कमरेवरची घागर खाली ठेवली. "लई सरळ मानूस. त्येंच्यामुळं घर ऱ्हायलं माजं." मग पुढची रांग बघितली, मागची बघितली. "आन त्येंच्यामुळंच ह्यो नळ आमच्यात आला न्हाई. व्हय ना?"

तिला हे ठाऊक असेल असं मला कधी वाटलं नव्हतं. मी मान हलवली.

"मंग मी रडू का नको, बाई?"

मागची बाई ओरडली, रांग पुढे सरकली, आणि शांताक्का घागर उचलून रडत रडतच नळाखाली गेली.